थकवा म्हणजे आळस नव्हे!

“तुला दमायला झाले तरी काय? आम्ही नाही का राबत?” घरातले कुणी सारखे पडून राहू लागले की हे वाक्य आपल्या तोंडी येतेच. बंधू-भगिनींनो, ते आमच्याही तोंडून गेले आहे. दिवसभर कारकुनी आणि संध्याकाळी वस्तीतली कामे करणाऱ्या आम्हांला वाटे, थकवा काय, रात्रभर झोपले की जातो!

पण झोपूनही न जाणारा थकवा असतो. डॉक्टर त्याला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात. कष्टाची सवय नसलेल्यांनाच तो होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी मिशेल एकर्स या अमेरिकन फुटबॉलपटूची हकिकत ऐकावी.

१९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला फुटबॉल विश्वचषक झाला. त्यात मिशेलने एकटीने १० गोल केले. नॉर्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यातले अमेरिकेचे दोन्ही गोल तिचेच. पण काही वर्षांतच तिचे शरीर तिला साथ देईना. १९९४ च्या सुमारास या आजाराचे निदान झाले. १९९६ साली तिने अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींपुढे आपली व्यथा मांडली. त्याच वर्षी तिच्या संघाने ऑलिम्पिकचे सुवर्णपदक जिंकले. १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ९० मिनिटे खेळून ती इतकी गळून गेली की, तिला आत न्यावे लागले. संघ जिंकला तेव्हा ती मैदानावर नव्हती. सामन्यांनंतर तिला सलाईन लावावे लागे. अखेर २००० साली, सिडनी ऑलिम्पिकच्या तोंडावर, खांद्याची दुखापत आणि हा आजार यांमुळे तिने खेळ सोडला.

अशा बाईला कोण आळशी म्हणेल?

मग आपल्या घरातल्या बाईला आपण का म्हणतो? तिचे दुखणे दिसत नाही म्हणून. ना ताप, ना जखम. रक्ताचे रिपोर्टही चांगले येतात. पण सहा महिने उलटले तरी थकवा हटत नाही. झोपून उठले तरी ताजेपणा नसतो. बोलताना शब्द आठवत नाहीत, उभे राहिले की गरगरते. मुख्य खूण अशी की, थोडे जास्त काम झाले की त्रास वाढतो. कधी तो दुसऱ्या दिवशी वाढतो आणि अनेक दिवस टिकतो. पुष्कळांना एखाद्या तापानंतर हे दुखणे लागते. कोविडनंतरही अनेकांना असाच त्रास झाला आहे.

पूर्वी डॉक्टरच सांगत, रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा. २०२१ साली इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने अशा रुग्णांना ठरावीक गतीने वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये, असे ठरवले. या आजारावर रामबाण औषध अजून नाही. अंगातली ताकद पगारासारखी जपून खर्च करायची, दमण्याआधीच थांबायचे, हाच मार्ग आहे.

मात्र प्रत्येक थकवा हा आजार नसतो. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह, क्षय यांनीही माणूस गळतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी.

काम सुटले की पगार जातो, आणि चारचौघांतला मानही जातो. पगार भरून देणे आपल्या हाती नसेल, मान देणे तर आहे! धुणे-पाणी वाटून घ्या. भेटायला आलेल्यांनी अर्ध्या तासात उठावे. ‘सोंग’ हा शब्द घरातून हद्दपार करा.

मिशेलने पुढे आजारी, टाकून दिलेल्या घोड्यांना आसरा देण्याचे काम हाती घेतले. खेळ गेला तरी माणूस संपत नाही. आपल्या माणसालाही हे कळू द्या. त्यासाठी आधी एवढेच म्हणा, “तुझे दुखणे खरे आहे.”