सात रात्रींची श्रीलंका: दुकानदाराच्या हिशेबाने बेटाची फेरी

प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, दुकान बंद ठेवून फिरायला जायचं म्हणजे दुहेरी नुकसान नाही का? तिकडे खर्च आणि इकडे धंदा बुडतो." या प्रश्नामुळे कित्येक जण दहा-दहा वर्षं गावाबाहेर पडत नाहीत. त्यामुळे व्हिडिओत ओझरतं सांगितलेलं गणित आज नीट लिहून देतोय. उदाहरण श्रीलंकेचं घेऊ. मुंबईहून कोलंबोला विमानाने साधारण अडीच तास, घड्याळ आपलंच, गाड्या डावीकडून चालतात आणि अख्खा देश महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. धंदा सांभाळून आठ दिवसांत जमेल असं हे बेट आहे.

आधी दुकान बंद राहण्याचा खर्च काढा. इथे बरेच जण चुकतात. समजा रोजची विक्री १२,००० रुपये आहे आणि त्यावर १८ टक्के सुटतात. म्हणजे एका दिवसाचं नुकसान १२,००० नाही, २,१६० रुपये. आठ दिवसांत एक साप्ताहिक सुट्टी तशीही असते, म्हणजे सात दिवसांचे १५,१२० रुपये. त्यात भाडं आणि पगार पुन्हा मिळवायचे नाहीत. ते त्याच सुटलेल्या पैशातून जातात, दोनदा मोजले तर आकडा उगाच फुगतो. आणि काही गिऱ्हाईक आठ दिवस थांबून तुमच्याकडेच येतं, ते वेगळं. हा १५,००० चा आकडा सहलीच्या बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा. लिहिला की भीती निम्मी कमी होते, कारण आता ती एक रक्कम झाली.

एक तंबी. सहलीचा खर्च दुकानाच्या खात्यात टाकू नका. ती मालकाची उचल आहे. "सप्लायर बघायला गेलो होतो" असं लिहिणारे मला माहीत आहेत. सीएसमोर बसल्यावर त्यांचीच पंचाईत होते.

कधी जायचं हे तुमचा धंदा ठरवेल

श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत, आणि ते बेटाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना पडतात. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनारा धुऊन काढतो, तेव्हा पूर्व किनारा बऱ्यापैकी कोरडा असतो. हिवाळ्यात ईशान्य मोसमी पाऊस पूर्वेला असतो, आणि डिसेंबर ते मार्च दक्षिणेचे किनारे छान असतात.

दुकानदाराला याचा मोठा फायदा आहे. आपला मंदीचा काळ बघायचा आणि त्याप्रमाणे बाजू निवडायची. माझं स्टेशनरीचं दुकान, जून-जुलै श्वास घ्यायला वेळ नसतो, पण फेब्रुवारीत निवांत असतो. म्हणून आम्ही दक्षिण निवडली. कापड किंवा दागिन्यांचा धंदा असेल तर पितृपक्षात गल्ल्यावर माश्याच मारायच्या असतात. त्या दिवसांत सिगिरिया करून पूर्वेला त्रिंकोमालीला जा. तिथे निलावेलीचा किनारा आहे आणि समुद्राच्या कड्यावरचं कोणेश्वरम हे शंकराचं मंदिर आहे. घरात कुणी ज्येष्ठ असतील तर ते मंदिर बघून त्यांची सहल सार्थकी लागेल. दिवाळीच्या सुट्टीत मात्र शक्यतो नको. आपला सीझन बुडतो आणि विमानाचं तिकीटही चढलेलं असतं.

पौर्णिमेची तारीखही बघून ठेवा. तिथे प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. दारूविक्री बंद, देवळांत गर्दी, बरीच दुकानंही बंद.

पैसे कमी असतील तर रात्री नका कमी करू, गावं कमी करा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पहिल्यांदा एका एजंटने आम्हाला सहा रात्रींचा प्लॅन दिला होता. त्यात पाच गावं. कागदावर भारी दिसतं, "इतक्या पैशात इतकं सगळं!" पण कारखान्यात एका मालावरून दुसऱ्या मालावर मशीन लावायला जसा वेळ जातो, तसाच गाव बदलायलाही जातो. बॅगा भरा, अकराला खोली सोडा, चार तास घाटातून प्रवास, दोनला नवी खोली, मग आंघोळ, मग जेवण. अर्धा दिवस गेलाच. आठ दिवसांत सहा ठिकाणी मुक्काम केला तर पाच बदल होतात आणि अडीच दिवस त्यातच जातात. तीन ठिकाणी राहिलात तर फक्त एक दिवस जातो. आणि प्रत्येक बदलाला गाडीचे पैसे आहेतच.

म्हणून मी दोन मार्ग सुचवतो, दोन्ही सात रात्रींचे आणि दोन्ही हिवाळ्यातले.

पहिला मार्ग काटकसरीचा. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे. तिथून थेट कँडी गाठा, कोलंबोत शिरायचं कारण नाही. कँडीत २ रात्री, एल्लाला २, गॉलच्या बाजूला ३. कँडीतल्या दंतमंदिराला तिकीट आहे, तळ्याभोवती फिरायला नाही. एल्लाचे डोंगर आणि १९२१ साली पूर्ण झालेला नऊ कमानींचा पूल फुकट. गॉलच्या किल्ल्याची तटबंदीही फुकट. हा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी मोठा केला. संध्याकाळी अख्खं गाव तटावर येऊन बसतं. आम्ही तीनही संध्याकाळी तिथेच होतो आणि कंटाळा आला नाही.

दुसऱ्या मार्गात सुरुवातीला सिगिरिया जोडा: सिगिरिया २, कँडी १, एल्ला २, गॉल २. पाचव्या शतकात कश्यप राजाने जवळपास २०० मीटर उंच कातळावर राजवाडा बांधला, तो हा. साधारण १,२०० पायऱ्या आहेत, त्यामुळे सकाळी उघडताच चढायचं. परदेशी माणसाला तिकीट महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर असतो. त्यासाठी पासपोर्ट सोबत लागतो, खोलीवर ठेवून आलात तर उपयोग नाही. तेही जड वाटत असेल तर समोरच्या पिदुरंगला टेकडीवर चढा. तिकीट अगदी कमी आणि सिगिरियाचा कातळ अख्खा समोर दिसतो.

आधी काय बुक करायचं

इथे मी स्वतः आपटलो. वर्गात अडथळ्याचा टप्पा शिकवतो, म्हणजे सगळं काम ज्या एका जागी अडतं ती जागा आधी सांभाळायची. आणि स्वतःच्या सहलीत विसरलो. पैसे परत न मिळणाऱ्या खोल्या थोड्या स्वस्त पडत होत्या म्हणून तिन्ही गावांच्या आधी काढून टाकल्या, मग निवांतपणे रेल्वेच्या तिकिटाकडे वळलो. कँडी ते एल्ला हा चहाच्या मळ्यांतून जाणारा साधारण सात तासांचा प्रवास, सगळ्या जगाला तोच हवा असतो. आमच्या तारखेची राखीव तिकिटं संपलेली होती. बिनराखीव डब्याचं तिकीट स्टेशनवर मिळतं, पण आईला सात तास उभं कसं करणार? तारीख बदलावी तर खोल्यांचे पैसे बुडत होते. शेवटी गाडी केली. आई काही बोलली नाही, पण परत आल्यावर शेजारच्या काकूंना सांगत होती, "आगगाडी दिसली हो, लांबून." ते मला अजून बोचतं.

तर क्रम असा ठेवा. विमान आधी. मग रेल्वे, ज्याचं आरक्षण साधारण ३० दिवस आधी उघडतं. तोपर्यंत खोल्या घ्यायच्या तर रद्द करता येणाऱ्याच, चार पैसे जास्त गेले तरी. तिकीट हातात आलं की खोल्या पक्क्या करा. ही लाइन मुळात चालू आहे का, कुठल्या टप्प्यापर्यंत चालू आहे, हेही तपासा. डोंगरातला मार्ग आहे, दरडी कोसळतात. नोव्हेंबर २०२५ मधल्या दितवा चक्रीवादळाने तर त्याचं फार मोठं नुकसान केलं.

ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, फक्त सरकारी संकेतस्थळावरून काढा. शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत बरेचदा बदललेत, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी काय भरलं त्यावर जाऊ नका. सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट्स वर आपला चार्ज लावतात.

आकडे

खाली दिलेला ताळा दोन माणसांचा, सात रात्रींचा आहे. दर माझ्या तक्त्यातले अंदाजी आहेत. तुम्ही जाल तेव्हाचे दर स्वतः घाला, पद्धत तीच राहील.

काटकसरीचा मार्ग: विमान ४४,०००, खोल्या २,००० प्रमाणे १४,०००, बस-रेल्वे-रिक्षा ९,०००, आठ दिवसांचं जेवण ११,२००, तिकिटं ४,०००. बेरीज ८२,२००. त्यावर १० टक्के राखीव धरा, साधारण ९०,४००.

मधला मार्ग: विमान तेच ४४,०००, खोल्या ४,५०० प्रमाणे ३१,५००, गाडी आणि बाकी प्रवास ३४,०००, जेवण २२,४००, सिगिरिया धरून तिकिटं आणि उदावलवेची हत्तींची जंगलसफारी मिळून २०,०००. बेरीज १,५१,९००, राखीव धरून साधारण १,६७,०००.

दोन्हीत विमान सारखंच आहे बघा. म्हणजे काटकसरीच्या सहलीत निम्मा खर्च तिथे पोचण्याचाच. म्हणूनच रात्री कमी करून फारसं वाचत नाही. एक रात्र कमी केली तर खोली-जेवणाचे तीन-साडेतीन हजार वाचतात, पण विमानाचे ४४,००० कमी दिवसांवर पडतात. यापेक्षा जास्त बजेट असेल तर त्यावर मी काय सांगणार, तेच मुक्काम ठेवा आणि खोल्या चांगल्या घ्या. गावं वाढवू नका म्हणजे झालं.

आता गाडीचं. चालकासह गाडी आठही दिवस ठेवली, समजा ५,५०० रोज, तर ४४,००० होतात. पण रेल्वेच्या दिवशी, एल्लाच्या मधल्या दिवशी आणि गॉललाही ती नुसती उभी असते. त्याऐवजी विमानतळ ते सिगिरिया, सिगिरिया ते कँडी, एल्ला ते उदावलवेमार्गे गॉल आणि गॉल ते विमानतळ अशा चारच फेऱ्या घ्या. चालक रिकामा परत जातो म्हणून फेरीला ७,००० धरले तरी २८,०००. वरच्या ३४,००० मध्ये हेच धरलंय, बाकीचे ६,००० रेल्वे-रिक्षाचे. गॉलहून विमानतळापर्यंत एक्सप्रेसवे आहे, अडीच-तीन तास पुरतात. भाव ठरवताना तीन गोष्टी विचारा: किलोमीटरची मर्यादा किती, टोल-पार्किंग कुणाचं, चालकाच्या मुक्कामाचे पैसे कोण देणार. आणि चालक मसाल्याच्या बागेत किंवा रत्नांच्या दुकानात "फक्त बघायला" नेतो तेव्हा त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. आपण धंदेवाले, आपल्याला हे सांगायला नको.

रिक्षा मात्र बघून बरं वाटेल. तिथल्या बहुतेक तीनचाकी आपल्या बजाजच्याच. शहरात पिकमी हे अ‍ॅप चालतं, आधी त्यावर भाडं बघायचं आणि मग रस्त्यावरच्या रिक्षावाल्याशी बोलायचं.

'हॉटेल' अशी पाटी दिसली तर आपल्यासारखंच, तिथे जेवण मिळतं, खोली मिळेलच असं नाही. भात आणि चार भाज्यांचं ताट पोटभर आणि स्वस्त असतं. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: खोबऱ्याच्या लाल चटणीत, पोल सांबोलमध्ये, बरेचदा सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. त्याला 'उंबलकड' म्हणतात, तो शब्द पाठ करून जा. तमिळ लोकांची 'शैव' पाटीची खानावळ दिसली तर बिनधास्त शिरा.

एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयही सुरू झालंय. लंकाक्यूआरचा कोड लावलेल्या दुकानात चालतं, पण निघण्याआधी अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट चालू करून घ्या. छोट्या गेस्टहाऊसला आणि बसला रोखच लागते.

आयतं पॅकेज घेत असाल तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना जमा धरला जातो. पण तोपर्यंत तेवढं भांडवल अडकतं. पुढच्या महिन्यात माल भरायचा असेल तर ही रक्कम आधीच बाजूला मोजा.

आणि दुकानाचं. बंदची तारीख पंधरा दिवस आधी शटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावा, नेहमीच्या गिऱ्हाइकांना तोंडी सांगा, सप्लायरला त्या आठवड्यात माल पाठवू नको म्हणून कळवा. परतीचं विमान रात्री उशिरा उतरत असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दुकान उघडणार, असंच पाटीवर लिहा. आम्ही सकाळी नऊ लिहिलं होतं. साडेदहाला शटर वर गेलं तेव्हा पायरीवर दोन गिऱ्हाइकं बसून होती.