मंदिर गेलं, शनिवार राहिला

‘इस्रायल’ हे नाव बायबलच्या बाहेर सगळ्यात आधी कुठे सापडतं, माहितीये? शत्रूच्या दगडावर. इजिप्तच्या मेर्नेप्ताह नावाच्या फेरोने इ.स.पू. १२०८च्या सुमारास आपले पराक्रम दहा फूट उंच शिळेवर कोरून घेतले. बहुतेक मजकूर लिबियाच्या मोहिमेचा आहे. अगदी शेवटी कनान प्रांतातली काही नावं येतात आणि त्यात इस्रायल नावाचे लोक आहेत. त्यांच्याबद्दल फेरो एवढंच म्हणतो, की ते उजाड झाले, त्यांचं बीसुद्धा उरलं नाही.

म्हणजे इतिहासातली पहिली नोंद, तीही मृत्यूची! १८९६मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला ही शिळा सापडली. आज त्या फेरोच्या देवांची पूजा करणारं कुणी उरलेलं नाही. ‘संपलेले’ लोक मात्र दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लावतात. हे जमलं कसं?

आजच्या बातम्यांमधला इस्रायल, गाझा, युद्ध हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे. इथे बोलायचंय ते त्याच्या दोन-तीन हजार वर्षं आधीचं. एखाद्या समाजाकडून राज्य, राजधानी आणि देवाचं घर, तिन्ही काढून घेतलं तर मागे काय उरतं, हा प्रश्न ज्यू लोकांना दोनदा सोडवावा लागला.

अब्राहम, मोझेस, समुद्र दुभंगणं या गोष्टी तुम्ही सिनेमांत पाहिल्या असतील. त्या बायबलमधल्या. इजिप्तमधून झालेल्या त्या सुटकेचा थेट पुरावा उत्खननात मिळालेला नाही. पण इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकात डोंगराळ भागात दोन छोटी राज्यं होती, याबद्दल शंका नाही. उत्तरेला इस्रायल, दक्षिणेला यहूदा. ‘यहुदी’ आणि ‘ज्यू’ हे दोन्ही शब्द या यहूदावरूनच आले. एका बाजूला इजिप्त, दुसऱ्या बाजूला असिरिया-बॅबिलोन. दोन हत्तींच्या मध्ये सापडलेलं गवत म्हणा ना. इ.स.पू. ७२२च्या सुमारास असिरियाने उत्तरेचं राज्य संपवलं. तिथली माणसं दूरदूर नेऊन वसवली आणि ती इतरांत मिसळून गेली. ‘हरवलेल्या दहा जमाती’ म्हणतात त्या याच.

मग इ.स.पू. ७०१मध्ये असिरियाचा राजा सेन्नाखेरीब दक्षिणेवर आला. त्याआधी जेरुसलेमचा राजा हिझकिया याने एक काम करून ठेवलं होतं. झरा तटाबाहेर, म्हणून पाणी आत आणायला खडकातून ५३३ मीटर लांबीचा बोगदा खणला. दोन टोळ्या दोन टोकांनी खणत आल्या आणि मध्ये भेटल्या. कंपास नाही, लेझर नाही. शेवटी पलीकडच्यांचे आवाज ऐकत पहारी मारल्या, असं त्या कामगारांनीच भिंतीवर कोरून ठेवलंय. १८८०मध्ये हा लेख सापडला तो एका शाळकरी पोराला. जेरुसलेमजवळच १९७९च्या उत्खननात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या मिळाल्या, बायबलमधल्या मजकुराचा आज हाती असलेला सगळ्यात जुना नमुना. त्या दफनगुहेचा ऐवज उघडा पडला तोही एका मुलाच्या हातोडीमुळे. आणि मृत समुद्राकाठच्या गुहेतली जगप्रसिद्ध हस्तलिखितं १९४७च्या सुमारास मेंढपाळ पोरांना मिळाली. उचापती पोरांनी पुरातत्त्वशास्त्रावर केवढे उपकार केलेत बघा.

असो. जेरुसलेम त्या वेळी वाचलं. पण इ.स.पू. ५८६च्या सुमारास बॅबिलोनच्या नेबुखद्नेझरने शहर जाळलं आणि सॉलोमन राजाने बांधलं म्हणतात ते मंदिर पाडलं. राजघराणं आणि कारागीर आधीच बॅबिलोनला नेले होते, उरलेल्यांपैकीही बरेच गेले. बॅबिलोनच्या उत्खननात कोठाराच्या हिशेबाच्या मातीच्या पाट्या मिळाल्यात. त्यात यहूदाचा कैदेतला राजा यहोयाकीन आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल दिलं, याची नोंद आहे. काल राजा होता, आज शत्रूच्या रेशनवर.

त्या काळचा हिशेब सरळ होता. लढाईत हरलात म्हणजे तुमचा देव हरला. जिंकणाऱ्याचा देव घ्या, पुढे चला. बहुतेकांनी तेच केलं. शिवाय यहुद्यांची अडचण दुहेरी होती. त्यांची मुख्य उपासना म्हणजे बळी आणि अर्पण, आणि ते करायची जागा एकच, जेरुसलेमचं मंदिर. ते तर राखेत गेलेलं. यर्मया या संदेष्ट्याने जेरुसलेमहून बंदिवानांना पत्र पाठवलं, त्यातला सल्ला अगदी व्यवहारी आहे : घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता. लोकांनी ते ऐकलेलं दिसतं. बॅबिलोनच्या ग्रामीण भागातल्या एका गावाचं नावच पडलं ‘यहूदाचं गाव’. तिथल्या करारपाट्यांत कर्ज, खंड, खजुराचा हिशेब असं रोजचं आयुष्य आहे. (सत्तरच्या दशकात बोनी एमचं ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे गाणं जगभर गाजलं. घरी आईबाबांना विचारा. त्याचे बरेचसे शब्द या निर्वासितांच्या विलापाच्या स्तोत्रातून घेतलेत.)

पण सगळ्यांत खोल बदल झाला तो उपासनेत. जागा हिरावली गेली होती, मग धर्म वेळेत नेऊन ठेवला गेला. आठवड्याचा सातवा दिवस, शब्बाथ, विश्रांतीचा. ही प्रथा जुनीच, पण परक्या देशात तीच ओळख बनली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिर जाळता येतं, शनिवार कसा जाळणार? दुसरी गोष्ट ग्रंथाची. नियम, वंशावळी, कहाण्या, संदेष्ट्यांची खरमरीत भाषणं यांची जुळवाजुळव आणि संपादन याच काळात जोरात झालं. पराभवाचं स्पष्टीकरणही त्यातच आलं : आमचा देव हरला नाही, आम्ही वचन मोडलं. स्वतःच्या राजांना इतकं झापणारा इतिहास त्या काळात दुसऱ्या कुणी लिहिला असेल, असं मला वाटत नाही.

इ.स.पू. ५३९मध्ये पर्शियाच्या सायरसने बॅबिलोन घेतलं आणि यहुद्यांना परतायची मुभा मिळाली. सगळे परतले नाहीत. धंदे-घरं सोडून कोण जातं! पण दुसरं मंदिर उभं राहिलं आणि सुमारे सहाशे वर्षं टिकलं. पुढे हेरोद राजाने ते भव्य केलं. इ.स. ७०मध्ये रोमन सेनापती टायटसने तेही जाळलं. रोममध्ये टायटसची कमान आहे, तिच्यावर मंदिरातला सात फाट्यांचा दीप लुटून नेणारे सैनिक आजही दिसतात. जेरुसलेममध्ये लोक जिच्याशी प्रार्थना करतात ती पश्चिमेची भिंत मंदिराची नव्हे, मंदिराच्या चौथऱ्याला आधार देणारी.

त्या वेढ्यातली एक गोष्ट तालमूद या ग्रंथात आहे. शहरात जहाल बंडखोरांचा ताबा. जिवंत माणसाला बाहेर सोडत नाहीत. योहानान बेन झक्काई नावाच्या वृद्ध गुरूने मेल्याचं सोंग घेतलं आणि शिष्यांनी त्याला तिरडीवरून वेशीबाहेर काढलं. तो थेट रोमन सेनापती व्हेस्पेशियनपुढे जाऊन उभा राहिला. तू सम्राट होणार, असं भाकीत केलं. तेवढ्यात रोमहून तीच बातमी आली. सेनापती खूश, म्हणाला, माग काय हवं ते. गुरूने मागितलं यावने नावाचं छोटं गाव आणि तिथले विद्वान.

राजधानी नाही, मंदिर नाही. एक शाळा.

कथा घडली तशीच असेल असं नाही. पण मला आवडते ती पुढची ओळ. जेरुसलेमच वाचवायला सांगायचं सोडून हे काय मागितलंस, असं म्हणत नंतरच्या एका विद्वानाने या गुरूला मूर्खात काढलं, हेही तालमूदनेच नोंदवून ठेवलंय. पुढची शिकवण याच पद्धतीने चालली. इ.स. २००च्या सुमारास ‘मिश्ना’ हा नियमांचा संग्रह तयार झाला, त्यावरच्या चर्चांतून पुढे तालमूद. हिल्लेल आणि शम्माई या दोन परंपरांचं पानोपानी भांडण, निर्णय बहुतेकदा हिल्लेलच्या बाजूने, पण हरलेल्या बाजूचं मतही पुसायचं नाही. बळी बंद झाले, त्यांच्या जागी प्रार्थना आली. दहा प्रौढ माणसं जमली की सामूहिक प्रार्थना होते, मग जागा कुठलीही असो. वल्हांडणाचा सण मंदिरातून जेवणाच्या टेबलावर आला आणि त्याची सुरुवात घरातल्या लहान पोराच्या प्रश्नाने होते : आजची रात्र वेगळी का? प्रश्न विचारल्याशिवाय सणच पुढे सरकत नाही. आपल्याकडे सत्यनारायणाला असा प्रश्न विचारून बघा!

इ.स. १३२मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली आणखी एक उठाव झाला, तोही चिरडला गेला. १९६०मध्ये वाळवंटातल्या गुहेत त्याची पत्रं मिळाली. त्यातल्या एकात हा सेनापती ऐन धामधुमीत खजुराच्या फांद्या आणि लिंबाच्या जातीची फळं मागवतोय. कशाला? मांडवांचा सण आला होता. सम्राट हेड्रियनने जेरुसलेमचं नावही बदललं.

रोमन लोकांना या सगळ्यात सगळ्यात हास्यास्पद वाटायचा तो शनिवार. हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालवतात, अशी टीका तत्त्ववेत्ता सेनेकाने केली होती. आठवड्यातून एक दिवस काम थांबवणं हा त्या जगात वेडेपणाच होता. आणि आज्ञा तर म्हणते, नोकर, दासी, परका, इतकंच काय, बैलसुद्धा त्या दिवशी राबता कामा नये. पुढे ख्रिस्ती लोकांनी ती सुट्टी रविवारवर नेली. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळायला १८९० साल आणि नारायण मेघाजी लोखंड्यांचा लढा लागला.

या इतिहासाचं एक टोक आपल्याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळ नवगावच्या समुद्रात एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी कोकणातल्या बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. गुरू नाही, सिनेगॉग नाही. हे लोक मराठी बोलू लागले, तेल गाळू लागले, गावावरून पेणकर, रोहेकर झाले. शिल्लक काय राहिलं? ‘शेमा’ या प्रार्थनेची सुरुवात, मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम आणि शनिवार. पुढे डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू तिथे आला, त्याने परीक्षा म्हणून बायकांना वेगवेगळे मासे शिजवायला दिले, तर त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले, अशी आठवण हा समाज सांगतो. बायबलचा नियम तोच आहे.

गावकऱ्यांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना दिसायचं एवढंच, की हे तेली शनिवारी घाणा जुंपत नाहीत. म्हणून नाव पडलं ‘शनिवार तेली’. बॅबिलोन, रोम, तालमूद यांची कुणाला खबर नव्हती, पण आठवड्यातून एक दिवस घाण्याचा बैल मोकळा असायचा. अलिबागला गेलात तर किल्ला बघून झाल्यावर इस्रायल आळी विचारा. तिथलं सिनेगॉग अजून उभं आहे.