फाइन डाइनिंग आणि हरिपूरचं पेव

सांगलीच्या विश्रामबागेत राहून फाइन डाइनिंगबद्दल काय लिहितोस, असं मित्र विचारतात. म्हणून ही पोस्ट.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं स्टाव्हांगर पूर्वी डबाबंद माशांचं गाव, नंतर तेलाचं. तिथल्या 'रेना' रेस्टॉरंटला २०१६ मध्ये मिशलिनचा पहिला तारा मिळाला, २०२० मध्ये दुसरा, २०२४ मध्ये तिसरा. त्यांचा सगळा भर जवळच्या समुद्रातल्या आणि शेतातल्या मालावर.

आपल्याकडे मुंबईत, महालक्ष्मीच्या जुन्या लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात, २०१६ मध्येच 'मास्क' सुरू झालं. आदिती दुगर यांचं हे रेस्टॉरंट. पहिले शेफ प्रतीक साधू, त्यांच्यानंतर वरुण तोतलानी. तिथे मेन्यूकार्ड पाहून ऑर्डर द्यायची नसते. ठरलेले छोटे पदार्थ एकामागून एक येतात आणि त्यांतून देशभरातला माल ताटात उतरतो.

आपल्या मातीतल्या मालाचं हे कौतुक वाचलं की मला हरिपूर आठवतं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं आपलं हरिपूर! तिथल्या मातीत खोल पेवं खणून हळद साठवायची. तोंड अरुंद, आत पोट मोठं, कडेला उसाच्या पाचटाचं अस्तर. हवा कोंडलेली असते, म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. अशा साठवणीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बेदाण्याला त्याआधीच.

पेवातली हळद आणि तासगावचा बेदाणा घेऊन सांगलीतच कुणीतरी दहा पदार्थांचं ताट मांडावं. पहिलं टेबल मी बुक करणार!