केसपेपरवरचा विंचू

पावसाळा सुरू झाला की ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात एक वाक्य वारंवार ऐकू येते : "काहीतरी चावलं." डॉक्टर जखम पाहतात, इंजेक्शन देतात आणि केसपेपरवर घाईघाईने दोन शब्द उमटतात, 'अननोन बाइट'. रुग्ण बरा होऊन घरी जातो. त्या दोन शब्दांचे पुढे काय होते, ते आज पाहू.

श्रोतेहो, रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात प्रत्येक निदानाला एक सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत आहे. 'आयसीडी' म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण, त्यातला हा क्रमांक. त्याचे मूळ 1893 सालचे. पॅरिसचे संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची यादी तयार केली होती. पुढे 1948 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतले आणि यादीत मृत्यूंबरोबर आजार व इजाही आल्या. अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून अमलात आली असली, तरी इथे उदाहरणे देतो ती दहावीतली, कारण आपल्या आरोग्यविम्याच्या अर्जावर रकाना 'आयसीडी-10'चा असतो.

ताप किंवा मधुमेह यांना एक क्रमांक पुरतो. इजेला मात्र दोन लागतात. शरीराला काय झाले हा एक, आणि ते कशामुळे झाले हा दुसरा. विंचू चावला तर विषबाधेचा क्रमांक टी 63.2, आणि कारणाचा एक्स 22. त्यापुढे आणखी एक आकडा लावता येतो, तो जागेचा : घरी असेल तर शून्य, शेतात असेल तर सात. बिनविषारी किडा पोटरीला चावला, तर ती एस 80 ही वरवरची इजा, आणि कारण डब्ल्यू 57. मधमाशी, गांधीलमाशी यांना एक्स 23. अमेरिकेने स्वतःसाठी ही यादी इतकी वाढवली, की तिथे चावा डाव्या पायाला की उजव्या, हेही क्रमांकातच येते. बदकाने धडक दिल्यास वेगळा क्रमांक आहे! ते हसण्यावारी नेले तरी चालेल. पण एक्स 22.7 हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कोकणातल्या लाल विंचवाचे विष हृदयावर घाला घालते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. ते औषध कोणत्या तालुक्यात किती ठेवायचे, हे अशा नोंदींवरून कळू शकते.

अडचण सुरू होते ती भाषेपासून. आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर चावलं', 'पान लागलं' असे सांगतात. गावातल्या माणसाला अर्थ कळतो; पण बाहेरून आलेल्या डॉक्टरने 'अ‍ॅनिमल बाइट' लिहिले, तर सापाची नोंद कुत्र्या-मांजरांच्या पंक्तीला जाऊन बसते. मण्यारीची गोष्ट आणखी कठीण. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, वेदना जवळजवळ नसते, दातांची खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागते. कोणी वेळीच ओळखले नाही, तर कागदावर पोटदुखीच राहते.

यातून केवढी तूट पडते, ते 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने दाखवले. घरोघर जाऊन मृत्यूंची कारणे विचारल्यावर 2005 या एका वर्षात देशात सर्पदंशाने सुमारे 46 हजार माणसे दगावल्याचा अंदाज निघाला. रुग्णालयांकडून आलेल्या सरकारी आकड्याच्या तीसपटीहून हा अधिक होता. बरेच लोक रुग्णालयात पोचलेच नव्हते, हे खरे. पण जे पोचतात, त्यांची तरी नोंद नीट व्हायला हवी. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने 2024 मध्ये जाहीर केला. निम्मे म्हणजे कशाचे निम्मे, हे मोजायला आधीचा आकडा खरा लागतो.

विम्याचा भाग थोडक्यात सांगतो. अर्जात 'अपघात' आणि डिस्चार्ज कार्डावर नुसती 'सूज' असे असले, की दावा अडकतो.

तेव्हा रुग्णासोबत जाणाऱ्याने एवढे सांगावे : कधी चावले, कुठे असताना, काय दिसले. साप मारून आणू नये, त्यात वेळ जातो आणि दुसराही जायबंदी होतो. दुरून मोबाइलवर फोटो मिळाला तर उत्तम. नंतर कारण निश्चित झाले, तर घरी सोडण्याआधी डॉक्टरांकडून 'अननोन' खोडून घ्यावे. आणि साप असेल तर, रात्र असली तरी, सरळ 'साप' म्हणावे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)