मुदतीचा आलेख आणि टॅब्लोतील गँट पट्ट्या

एखाद्या मोठ्या कामाची ठरलेली मुदत आणि त्याची प्रत्यक्ष प्रगती यांचा मेळ तारखांच्या कोरड्या तक्त्यात सहसा दृष्टीस पडत नाही. ती उणीव दूर करणारा पट्ट्यांचा आलेख १९१० च्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याच्या नावे रूढ झाला; मात्र त्याच्याही पूर्वी, १८९६ मध्ये, कारोल आदामियेत्स्की या पोलिश अभियंत्याने तशाच धर्तीची रचना सिद्ध केली होती आणि श्रेयाच्या वाटणीत तो बिचारा मागे पडला.

टॅब्लो या आलेख काढण्याच्या संगणकप्रणालीमध्ये हा आलेख काढणे फारसे कष्टाचे नाही. ओळींवर कामांची नावे व स्तंभांवर आरंभाची तारीख ठेवावी. मात्र ती तारीख सलग स्वरूपाची आणि नेमक्या दिवसाची असावी, अन्यथा सारी कामे वर्षाच्या एकाच खात्यात जमा होतात. नंतर चिन्हांच्या यादीतून ‘गँट बार’ निवडून ‘साइझ’वर मुदत टाकावी.

खरी मेख या मुदतीतच आहे. ‘डेटडिफ’ हे सूत्र, दिवस हे एकक सांगितल्यास, दोन तारखांमधले अंतर दिवसांत देते, त्यामुळे ज्या दिवशी आरंभ त्याच दिवशी समाप्त होणाऱ्या कामाची मुदत शून्य भरते आणि त्याची पट्टी जवळजवळ अदृश्य होते. म्हणून उत्तरात एक मिळवावा. पट्टी उलट, डावीकडे धावू लागली, तर समाप्तीची तारीख आरंभाच्या आधीची नोंदली गेली आहे असे खुशाल समजावे.

रंग मात्र कामे करणाऱ्या खात्यांपुरतेच ठेवा. प्रत्येक कामाला निराळा रंग देणे हा निव्वळ डोळ्यांवरील जुलूम आहे.