अहमदपूरहून फ्रान्सकडे

फ्रेंच राज्यक्रांती हा विषय आमच्या बी.ए.च्या मुलांना कायम परका वाटत आला आहे. बॅस्टिलचा तुरुंग, सोळावा लुई, गिलोटिन ही नावं पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतात आणि सुट्टी लागली की विसरली जातात. मोठ्या शहरांतल्या काही शाळा हल्ली मुलांना थेट पॅरिसलाच घेऊन जातात. बरोबर माहीतगार वाटाड्या असतो, लूव्रमधली चित्रं पाहतात, व्हर्सायच्या राजवाड्यातून फिरतात. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. परवडत असेल त्यांनी जरूर जावं. पण शिरूर ताजबंद, किनगाव, हाडोळती इकडून अहमदपूरला शिकायला येणाऱ्या मुलांची सहल म्हणजे एस.टी.ची प्रासंगिक कराराची एक गाडी, घरून बांधून आणलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी फ्रान्स कुठं पाहायचा?

आपल्याच भागात पाहायचा, असं माझं म्हणणं आहे. मी इतिहास शिकवतो, आणि तीन दिवसांची अशी एक सहल आम्ही काढली. उदगीर, औसा, खर्डा, वेरूळ आणि परत येताना नांदेड. वर्गात हे जाहीर केलं तेव्हा एका मुलीचे वडील भेटायला आले. सोयाबीनचे पैसे अजून हाती आलेले नव्हते. त्यांनी सरळ विचारलं, "सर, किल्ले बघून पोरीच्या मार्कांत काय फरक पडणार?" लातूरच्या मार्कांचा दबदबा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यामुळं प्रश्न गैर नव्हता. मार्कांचं मी काही सांगू शकत नाही, एवढंच मी म्हणालो. मुलगी आली.

सहलीची सुरुवात मी डेपोतच केली. डेपो हा शब्दच मुळात फ्रेंच आहे. इंग्रजांनी तो घेतला आणि इंग्रजांकडून आपल्याकडं आला. बाहेर रस्त्यावर गॅरेज, तेही फ्रेंच. हॉटेलातलं मेन्यू कार्ड, सत्काराचा बुके, जेवणाचं कूपन. मुलांनी शिरूर ताजबंद येईपर्यंत वहीची दोन पानं भरली. शिवाय ज्या मीटरनं आपण कापड मोजतो, ज्या लिटरनं दूध घेतो आणि ज्या किलोनं साखर, ती सगळी मापं राज्यक्रांतीच्या सरकारनं ठरवली. फ्रान्समध्ये तेव्हा गावोगाव मापं वेगळी होती आणि मापात जमीनदार शेतकऱ्याला नाडत असे. म्हणून सगळ्यांना एकच माप असावं, ही मागणी होती. तो कायदा ७ एप्रिल १७९५ रोजी झाला. आपल्याकडं शेर-पायली जाऊन ही मापं कायद्यानं आली ती १९५६ नंतर. १७९५ हे साल मुलांना लक्षात ठेवायला सांगितलं, कारण ते पुढं पुन्हा येणार होतं.

उदगीरचा किल्ला बहामनी काळातला. भोवती खोल खंदक, आत उदागीर बाबांची समाधी. इथं फ्रेंच माणूस असा एकही दिसत नाही. दिसते ती फ्रेंच विद्या. १७५१ साली बुसी नावाचा फ्रेंच सेनापती सलाबतजंगाला घेऊन औरंगाबादेत आला आणि काही वर्षं निजामाचा दरबार त्याच्या तोफांच्या आधारावर उभा राहिला. त्याच साली त्यानं चंद्रग्रहणाच्या रात्री नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला होता. त्या काळी आपल्याकडची लढाई मुख्यतः घोडदळाची. घोडेस्वार आपापल्या सरदाराचा, घोडा पुष्कळदा स्वतःचा, त्यामुळं घोडा मेला तर पोट गेलं. बुसीची माणसं पायी लढत. ओळीनं उभी राहत, हुकूम सुटला की एकदम बार काढत, एक ओळ बंदूक भरेपर्यंत दुसरी झाडत असे, आणि बंदुकीच्या तोंडाला संगीन. सोबत हलक्या, चटकन वळवता येणाऱ्या तोफा. अशा शिस्तीच्या भिंतीवर घोडदळ आदळून मागं फिरत असे.

या शिस्तीत तयार झालेल्या शिपायाला आपण गारदी म्हणू लागलो. 'गार्द' म्हणजे पहारा, रक्षक. हा मूळ फ्रेंच शब्द. इब्राहिमखान गारदी हा बुसीच्या हाताखाली तयार झालेला. आधी तो निजामअलीकडं होता, तिथून सुटल्यावर सदाशिवरावभाऊंनी त्याला पुण्याच्या नोकरीत घेतलं. १७६०च्या मोहिमेत उदगीरहून औशाकडं सरकणाऱ्या निजामाच्या फौजेला त्याच्याच तोफांनी भाजून काढलं. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ निकाल लागला. दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठिकाणं मराठ्यांना मिळाली. म्हणजे फ्रेंचांनी निजामासाठी उभी केलेली विद्या दहा वर्षांच्या आत निजामावरच उलटली! या उलटापालटीची मुलांना फार मौज वाटली.

पण खरा वाद उदगीरच्या बुरुजावर झाला, तो निराळ्याच गोष्टीवरून. एका मुलानं विचारलं, "सर, गारदी तर खुनी ना?" नाटकं आणि कादंबऱ्या यांनी तो शब्द आपल्या मनात तसाच रुजवला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गारद्यांच्या हातून, हे खरंच. थकलेल्या पगाराचं निमित्त करून ते वाड्यात शिरले होते आणि त्यामागं वाड्यातलंच राजकारण होतं. पण त्याच्या बारा वर्षं आधी, १४ जानेवारी १७६१ला, पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी जागचे हलले नाहीत. त्याच्या पलटणी बहुतेक कापल्या गेल्या, तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. मग गारदी शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, पानिपतचा की शनिवारवाड्याचा? मुलांत दोन तट पडले. "पगार घेतला म्हणून लढला, त्यात निष्ठा कसली," असं एक मुलगा म्हणाला. त्यावर ज्या मुलीचे वडील भेटायला आले होते ती म्हणाली, "पगार घेणारा कुणीही मरेपर्यंत थांबत नाही. त्यानं पळायचं होतं की." मी मध्ये पडलो नाही. आमच्या वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं आहेत आणि अशा प्रश्नाचं उत्तर सरांनी देण्यापेक्षा त्यांनी एकमेकांना दिलेलं बरं, असं माझं मत आहे.

औसा आम्ही उभ्याउभ्याच केलं, कारण दिवस कलला होता. दुसऱ्या दिवशी खर्डा. जामखेड तालुक्यातला हा निंबाळकरांचा किल्ला लहानसाच, चौकोनी. इथं ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम समोरासमोर आले. मापांचा तो कायदा पॅरिसमध्ये झाला त्याच्या महिनाभर आधी! निजामाच्या बाजूनं रेमंड नावाचा फ्रेंच, त्याच्या कवायती पलटणी. मराठ्यांच्या बाजूनं दौलतराव शिंद्यांच्या पलटणी घेऊन पेराँ, तोही फ्रेंच. होळकरांकडं दुद्रनेक, तोही फ्रेंच. तिकडं पॅरिसमध्ये राजाचा शिरच्छेद होऊन दोन वर्षं झाली होती, स्वातंत्र्य-समतेच्या घोषणा चालल्या होत्या, आणि इकडं बीड-जामखेडच्या माळावर फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली तेलंगी आणि हिंदुस्थानी शिपाई एकमेकांवर बार काढत होते. रेमंडच्या पलटणी टिकून होत्या, पण निजामानं रात्री माघारीचा हुकूम दिला आणि तो खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. वेढ्यात पाण्याचे हाल झाले. तह झाला, दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्याच्या स्वाधीन करावा लागला. किल्ल्यात उभं राहिलं की एवढी मोठी फौज इतक्या लहान जागेत पाण्यावाचून कशी राहिली असेल, हे न सांगता कळतं. मार्चचंच ऊन होतं, आमच्या बाटल्या अकरालाच संपल्या होत्या.

इथं मी मुलांना पैशाची गोष्ट सांगितली, कारण पाठ्यपुस्तकात ती सहसा नसते. घोडेस्वाराला जहागिरीतून भागवता येई, सुगी होईपर्यंत थांबवताही येई. कवायती शिपायाला महिन्याच्या महिन्याला रोख पगार लागत असे. बुसीच्या फौजेच्या पगारासाठी निजामानं १७५३ साली समुद्रकिनाऱ्यावरचे उत्तर सरकार जिल्हे तोडून दिले. महादजी शिंद्यांनी द बॉइनला दुआबातला मुलूख लावून दिला. म्हणजे या डौलदार ओळींचा खर्च शेवटी सारा भरणाऱ्या कुळाच्या घरातून जात होता. द बॉइन सव्वायाचा, शांबेरी गावचा. महादजींच्या नोकरीत मिळवलेला पैसा घेऊन तो गावी परतला आणि त्यानं गावाला भरभरून दिला. १८३० साली तो वारला. गावानं १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ कारंजं उभारलं, त्याला चार दिशांना चार हत्ती आहेत, फक्त पुढच्या अंगाचे. आल्प्सच्या पायथ्याशी हत्ती! त्याचा फोटो मी मोठा करून नेला होता. पॅरिसला जाणाऱ्या सहली शांबेरीला क्वचितच थांबत असतील.

वेरूळला आम्ही लेणी पाहिली ती एका फ्रेंच प्रवाशाच्या डोळ्यांनी. तेव्हनो हा १६६६च्या सुरुवातीला सुरतेला उतरला आणि तिथून या भागात आला. वेरूळचं वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी तो एक. लेणी राक्षसांनी कोरली असं लोकांनी त्याला सांगितलं, ते त्यानं लिहून ठेवलं. तो पुढच्याच वर्षी इराणात वारला. हा भाग पुस्तकरूपानं निघाला तो १६८४ साली. कैलास लेण्यासमोर बसून मुलांना मी एकच काम दिलं: या देशाची भाषा, देव, काहीच ठाऊक नाही असं समजून दहा ओळी लिहा. वाचून पाहिल्यावर राक्षसांची गोष्ट फारशी हसण्यासारखी राहिली नाही.

परतीची वाट जालना, परभणी, नांदेड. सतराव्या शतकाच्या मध्याला ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या साधारण याच पट्ट्यातून गोवळकोंड्याला हिरे घ्यायला जात असे. त्याच्या पुस्तकात अंबड, आष्टी, नांदेड ही नावं वेडीवाकडी होऊन येतात. नांदेडला नदी ओलांडताना गाडीमागं पट्टी द्यावी लागते, सुभेदाराचा परवाना लागतो, असं तो सांगतो. आणि ही नदी गंगेला मिळते, असंही सांगतो! हे असं का झालं असेल ते आमच्या मुलांनी ताबडतोब ओळखलं. गोदाकाठची माणसं गोदावरीला आजही गंगाच म्हणतात. पॅरिसच्या विद्वानाला टीप द्यावी लागेल, ते लोह्याच्या पोराला आजीकडून ठाऊक असतं.

या सहलीत न बसलेलं एक ठिकाण म्हणजे हैदराबाद. रेमंड मार्च १७९८ मध्ये वारला. त्याच्या फौजेत फ्रेंच प्रजासत्ताकाचं निशाण मिरवतात, ही इंग्रजांची जुनी तक्रार होती. त्याच ऑक्टोबरात त्यांनी निजामाकडून ती फौज मोडवली, शिपायांची हत्यारं काढून घेतली. त्यातल्या अधिकाऱ्यांचं काय झालं ते कागदोपत्री सापडतं; हजारो शिपाई कुठल्या गावी परतले, कशावर जगले, याची नोंद शोधावी लागते. आमच्यातले दोघं आता त्याच मागं आहेत. रेमंडची समाधी मलकपेठेजवळच्या टेकडीवर आहे, वर उंच दगडी स्तंभ आणि त्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरं. लोक त्याला मूसा राम म्हणत, कुणी मूसा रहीम. अहमदपूरहून जाणाऱ्यांनी हैदराबादेत मेट्रो पकडावी आणि मुसारामबाग अशी पाटी दिसली की उतरावं. तिथून टेकडीपर्यंत विचारत जावं लागतं.