आधी वारा अडवा

सुरतेची थंडी ती केवढी, तिच्यासाठी जॅकेट कशाला, हा प्रश्न शहरापुरता रास्त आहे. जानेवारीतही इथलं पहाटेचं तापमान साधारण १४-१५ अंशांवर असतं. पण लिंबायत-उधन्यातला खानदेशी माणूस मोटारसायकलवर गावाकडे निघाला की बारडोली, व्यारा, सोनगड ओलांडून नवापूर आणि पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो, हवा गार होत जाते. त्यात वेगाची भर. हवामानशास्त्रातल्या प्रचलित सूत्रानुसार १० अंश तापमानात ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांसारखा झोंबतो.

म्हणूनच नुसते दोन स्वेटर चढवून भागत नाही. ऊब देते ती लोकरीच्या विणीत अडकलेली स्थिर हवा. वारा आरपार शिरला की तीच निघून जाते. स्वेटरवर घट्ट विणीच्या पॉलिस्टरचं विंडचीटर हवं, आणि कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी तर सुरत देशभर ओळखली जाते. ते नसेल तर रेनकोट चालतो, शर्टाखाली छातीवर घातलेलं वर्तमानपत्रही. अशा कापडात घाम येतो हे खरं, आणि ओला बनियन नंतर जास्तच गारठवतो. त्यासाठी चहाला थांबल्यावर चेन उघडावी, जॅकेट मात्र सोडू नये. हातमोज्यांबाबत तर तडजोड नकोच. गारठ्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं बधिर होतात, आणि पुढचा ब्रेक दाबायचा तो याच बोटांनी. ती वळेनाशी झाली, तर गाडी बाजूला घेऊन हात काखेत धरावेत.